दिवाळीचे पहिले धान्यसंकलन

न्यू जर्सीत दिवाळी ते थँक्सगिव्हिंग या काळात आपण प्रथमच धान्यसंकलन करणार असाल, तर खोकी मांडण्याआधी हिलसाइडच्या कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सी या गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला सध्या काय हवे आहे आणि माल कधी पोहोचवायचा, हे विचारून घ्यावे.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे घरातले उरलेसुरले स्वीकारणे. आमच्या पहिल्या वर्षी फोडलेल्या पुड्यातली तूरडाळ, घरगुती लोणचे आणि मुदत उलटलेला, बुडाशी गंजलेला चण्यांचा डबा निघाला, आणि निवडण्यातच अख्खा शनिवार गेला. त्यामुळे मूळ वेष्टनातले तांदूळ, पीनट बटर, डबाबंद कडधान्ये असे नेमकेच मागा. काचेच्या बरण्या टाळा.

फूडबँक घाऊक भावाने खरेदी करते, म्हणून रोख देणगीही आवर्जून मागा. धनादेश मात्र आपल्या मंडळाच्या नव्हे, फूडबँकेच्याच नावे घ्यावा.