टाकीवरचं ते जास्तीचं तोंड बोल्टने बंद करू नका

तुमच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. तुमच्या जुन्या डिझेल ट्रकची टाकी तळाला गंजून पाझरतेय. दुसऱ्या मॉडेलची मोठी, वापरलेली टाकी मिळतेय, ती ब्रॅकेटमध्ये बसते. फक्त तिच्या वरच्या अंगाला तीन तोंडं आहेत आणि तुमच्या गाडीच्या नळ्या दोनच, म्हणून तिसऱ्यात बोल्ट घालून ते बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. मी अगदी हेच केलं होतं. त्या एका बोल्टपायी इंजेक्शन पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा) उतरवला गेला, गाडी दीड महिना कामातून गेली, आणि टाकीला लागले त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे नसलेल्या दोषावर खर्च झाले.

टाकी रिकामी करणं, बॅटरीची तार काढणं, खाली जॅक लावून ती उतरवणं हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

माझ्या जुन्या टाकीवर दोनच नळ्या होत्या, एक सक्शनची (डिझेल इंजिनाकडे ओढणारी) आणि एक रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी). डिझेल संपेल तशी त्याच्या जागी हवा आत यायची ती झाकणातून. त्या झाकणात बारीक छिद्र आणि व्हॉल्व्ह होता, हे मला वीस वर्षं गाडी वापरून माहीत नव्हतं, कारण त्याने कधी त्रासच दिला नाही. नवीन आणलेल्या टाकीचं झाकण होतं पक्कं बंद, रबरी वॉशरचं. त्या मॉडेलमध्ये हवेसाठी वेगळं तोंड दिलेलं होतं, तोच ब्रेदर. मी तेच तोंड बंद केलं. टाकी विकणाऱ्याला विचारलं होतं, तर म्हणाला, जास्तीचं आहे, बंद करून टाका. त्याच्यावर ढकलत नाही. बोल्ट मी घातला, वर सीलंटही मीच लावलं.

पहिले चार दिवस गाडी छान चालली. टाकीत चाळीसेक लिटर डिझेल होतं आणि फेऱ्या जवळच्या होत्या. मग लांबचा माल मिळाला, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि निघालो. पंचवीस-तीस किलोमीटर गेल्यावर चढावर पिकअप मरायला लागला. गाडी धापा टाकत टाकत बंद पडली. उतरलो, झाकण उघडलं, डिझेल आहे का ते काडी बुडवून पाहिलं. (काडी का, ते पुढे सांगतो.) डिझेल भरपूर होतं. हँड प्रायमर (नळीतली हवा काढून डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारला, सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. पुन्हा तीसेक किलोमीटरवर तेच. मला वाटलं, कुठेतरी एअर पकडतेय आणि प्रायमरने ती निघते.

खरं औषध होतं झाकण उघडणं. प्रत्येक वेळी मी ते करत होतो आणि प्रत्येक वेळी श्रेय प्रायमरला देत होतो. झाकण उघडताना फुस्स असा आवाज यायचा. मी समजायचो, उन्हाने टाकीत गॅस झालाय, तो बाहेर पडतोय. प्रत्यक्षात हवा आत जात होती.

आणखी एक खूण होती, तिचाही मी उलटा अर्थ लावला. टाकी भरलेली असली की त्रास जास्त, अर्ध्यावर आली की कमी, पावावर आली की नाहीच. त्यावरून मी ठरवलं की डिझेलच खराब भरलं जातंय. दोनदा टाकी रिकामी केली. खरा हिशोब साधा आहे. दोनशे लिटरच्या बंद टाकीत वर १० लिटर हवा असेल आणि इंजिनाने १० लिटर डिझेल ओढलं, तर तीच हवा दुप्पट जागेत पसरते आणि तिचा दाब जवळपास निम्म्यावर येतो. तेवढ्या ओढीविरुद्ध जुना फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) डिझेल खेचू शकत नाही. टाकी अर्धी रिकामी असेल तर वर १०० लिटर हवा असते, त्यामुळे तेच १० लिटर संपल्यावर दाब फक्त नऊ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि गाडी चालत राहते. पत्रा आत दबतो, वॉशरमधून थोडी हवा झिरपते, म्हणून प्रत्यक्षात आकडे एवढे काटेकोर नसतात, पण चाल हीच. जितकी टाकी भरलेली तितकी गाडी लवकर बंद पडते, हे लक्षण दिसलं तर दुसरीकडे कुठेही हात घालण्याआधी ब्रेदर बघा.

मी मात्र आधी फिल्टर बदलले, मग फीड पंपाचं किट टाकलं, मग सक्शनची सगळी नळी नवीन घातली. शेवटी पंपाचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गाडी नेली. त्यांनी एकदाही झाकण उघडून पाहिलं नाही, टाकी बदलली आहे का हेही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तर ‘त्याचा काही संबंध नाही’ म्हणाले. पंप उतरवला, खोलला, एलिमेंट (आतले दाब देणारे भाग) झिजलेत म्हणून बदलले, इंजिनात डिझेल फवारणारे नोझलही केले. झिजले असतीलही, जुनी गाडी आहे. पण मी तक्रार घेऊन आलो होतो ती गाडी बंद पडण्याची, आणि ट्रायल त्यांनी घेतली पाव टाकी डिझेलवर. गाडी अर्थातच मस्त चालली. पैसे दिले, टाकी फुल केली, आणि तिसाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला उभा. परत फोन केला तर उत्तर आलं, पंप टेस्ट करून दिलाय, आता आमची जबाबदारी नाही. आजही त्या दिवसाची आठवण आली की जिवाला लागतं. ज्याची रोजची कमाई एका गाडीवर आहे, त्याच्या गाडीचा पंप खोलण्याआधी पाच मिनिटं उभं राहून चार प्रश्न विचारायला काय हरकत होती?

शेवटी ते सापडलं गाडी धुताना. टाकीच्या बाहेरच्या बाजूला पसरट पोचा आला होता, पण रंगावर एक ओरखडा नव्हता. काही लागून पोचा आला असता तर रंग उडाला असता. म्हणजे पत्रा बाहेरून ठोकला गेला नव्हता, आतून ओढला गेला होता. दाब एक दशांशाने जरी कमी झाला तरी ६० बाय ५० सेंटिमीटरच्या एका बाजूवर साधारण ३०० किलोचा भार येतो, मग पत्रा दबणारच. बोल्ट काढला, तिथे नळी जोडली, टाकी फुल करून तोच चढ माल घेऊन चढलो. गाडी एकदाही अडली नाही.

ब्रेदरची नळी नीट नेणंही महत्त्वाचं आहे, तोंड नुसतं उघडं सोडू नका. आतून ६ ते ८ मिलिमीटरची, डिझेलला टिकणारी नळी टाकीच्या माथ्यापेक्षा वर न्या, तिथून वळवून तिचं तोंड खाली करा आणि टोकाला छोटा फिल्टर लावा. मध्ये कुठेही झोळ पडू देऊ नका, कारण झोळात डिझेल किंवा पाणी साचलं की नळी पुन्हा बंदच. चाकाचा चिखल आणि सायलेन्सर, दोन्हींपासून तोंड लांब हवं. गाडी कलंडली तर डिझेल बाहेर येऊ न देणारा व्हॉल्व्ह मिळतो, तो जरूर लावा. हे सगळं डिझेल गाडीचं. पेट्रोल गाडीत ही वाफेची नळी बऱ्याचदा कोळशाच्या कॅनिस्टरकडे जाते, तिथे हा उपाय करू नका.

आता काडीचं. दुसऱ्या मॉडेलची टाकी घेतली की तिच्यासोबत फ्लोट (डिझेलची पातळी मोजणारा तरंगता भाग) येतो तोही दुसऱ्याचा. फ्लोटचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) आणि तुमच्या डॅशबोर्डचा काटा यांची जोडी असते. काहींमध्ये टाकी भरली की रेझिस्टन्स वाढतो, काहींमध्ये कमी होतो. माझा काटा फुल टाकीला रिकामी दाखवायचा, म्हणून काडी. शक्य असेल तर जुनाच फ्लोट नव्या टाकीत बसवा, पण टाकीची खोली वेगळी असेल तर त्याचा दांडा पुरत नाही किंवा तळाला अडकतो. बसवण्याआधी तारा जोडून फ्लोट हाताने वर-खाली करून काटा बघा. दोन मिनिटांचं काम आहे, टाकी पट्ट्यात कसल्यावर तेच अर्ध्या दिवसाचं होतं. रबरावर बसवलेल्या रंगवलेल्या टाकीला अर्थिंग मिळत नाही, तेव्हा चॅसीपासून अर्थिंगची वेगळी तार द्या. प्लास्टिकच्या टाकीत तर ती फ्लोटलाच द्यावी लागेल.

टाकी कोणती घ्यावी, तर माझं मत स्पष्ट आहे. जुन्या ट्रकला तुमच्याच मॉडेलच्या मापाची नवीन लोखंडी टाकी घ्या, वापरलेली मोठी नको. शंभर लिटर डिझेल म्हणजे ८० किलोच्या वर वजन. ते त्याच जुन्या ब्रॅकेटवर आणि त्याच दोन पट्ट्यांवर लटकणार, आणि खड्ड्यात ते वजन उसळणार. ॲल्युमिनियम हलकं असतं, गंजत नाही, हे खरं. पण लोखंडी पट्टा थेट त्यावर घासला आणि मध्ये ओल राहिली तर पट्ट्याखालीच ते खाऊन जातं. ज्यांनी मधलं रबर दर वर्षी तपासलं, त्यांच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या मी वर्षानुवर्षं टिकलेल्या पाहिल्यात, तेव्हा माझा शब्द अखेरचा धरू नका. एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. डिझेलसाठी आतून जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी बनवून घेऊ नका. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा चिकट गाळ होतो आणि तो फिल्टर आणि नोझल खराब करतो. कारागीर ‘गंज लागणार नाही’ म्हणून तोच पत्रा सुचवतात.

वापरलेलीच घ्यायची असेल तर तोंडातून टॉर्चचा उजेड टाकून आत बघा. ठोकून आवाज ऐकू नका, त्यातून काही कळत नाही. आतल्या आडव्या पट्ट्या सुटलेल्या नाहीत ना, तळाच्या कोपऱ्यात खवले नाहीत ना, हे बघा. सक्शनचा पाइप तळापासून दोनेक सेंटिमीटर वर थांबायला हवा. तळाला टेकला तर सगळा गाळ आणि पाणी ओढेल. रिटर्नची नळी सक्शनच्या तोंडाशीच सुटत नाही ना, तेही पाहा, नाहीतर परत आलेलं गरम, फेसाळ डिझेल लगेच पुन्हा ओढलं जातं.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी जुनी टाकीच वेल्डिंग करून घ्या असं सुचवलंय. कृपा करून ते करू नका. ‘डिझेलची आहे, रिकामी आहे, पाण्याने धुतली आहे’ हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण सांध्यात आणि गंजाच्या थरात डिझेल मुरलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि बंद भांड्यात वाफ आणि हवा मिसळली की एक ठिणगी पुरते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हे काम टाक्यांसाठीची सोय आणि सवय असलेल्यांचंच आहे. पाझर थांबवायला आतून ओतायचा लेपही विकतात. मी वापरला नाही, पण त्याचे पापुद्रे सुटून फिल्टरमध्ये आलेले पाहिलेत.

बसवताना जुन्या नळ्या सोडवून टाकीच्या बाजूला हलक्या हवेने फुंका, नाहीतर जुन्या टाकीचा गंज नव्या फिल्टरमध्ये येईल. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तंतू सुटून आत जातात. साधं सिलिकॉन सीलंटही नको, डिझेलमध्ये ते फुगतं आणि सुटतं. पट्टे कसताना टाकीचा पत्रा दबेपर्यंत आवळू नका. पहिली माल भरलेली फेरी झाली की पुन्हा पाना लावा, रबर बसतं आणि पट्टा सैल पडतो. सुरुवातीला वीसेक लिटरच भरा, रात्रभर खाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग नसेल तरच टाकी भरा, आणि भरतानाही गळ्यापर्यंत नको, उन्हात डिझेल फुगायला जागा लागते.

पैसे देण्याआधी त्या टाकीच्या झाकणाचा आतल्या बाजूने आणि तिन्ही तोंडांचा वरून फोटो टाका. तुमच्या जुन्या झाकणाचाही टाका. तिसरं तोंड ब्रेदरचंच आहे की दुसऱ्या टाकीला जोडायचं आहे, हे आत पाइप किती खोल जातो त्यावरून कळेल. बारीक तार घालून मोजा आणि तोही आकडा लिहा.