सदावर्त, अन्नछत्र आणि बोर्डावर काय लिहायचं

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या महिला मंडळाने इथे नाशकात एका सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना रोज दुपारी पोळीभाजी द्यायला सुरुवात केलीय, आता फ्लेक्स करायचाय, तर त्यावर 'सदावर्त' लिहावं, 'अन्नछत्र' लिहावं की सरळ 'गरिबांसाठी मोफत अन्नदान'? आणि त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं की सदावर्त नकोच, आपण घरात चिडून 'इथे काय सदावर्त मांडलंय का' म्हणतो, मग तो शब्द चांगल्या कामाला कसा चालेल.

ताई, आधी उत्तर देऊन टाकतो. तुम्ही शिजवलेलं देताय आणि रोज देताय, म्हणून 'अन्नछत्र' लिहा. आणि 'गरिबांसाठी' हे तेवढं काढा, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो कारण मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सदावर्त म्हणजे मूळ 'सदाव्रत'. बोलता बोलता र पुढे सरकला आणि व्रतचं वर्त झालं, गुजरातीत अजून सदाव्रतच म्हणतात. नेहमीसाठी घेतलेलं व्रत, एकदा सुरू केलं की खंड पाडायचा नाही. मराठीत त्याचा नेहमीचा अर्थ म्हणजे वाटसरू, यात्रेकरू, बैरागी, गोसावी जो कोणी येईल त्याला कोरा शिधा देणं. पीठ, डाळ, मीठ, जमलं तर थोडं तूप, कुठे कुठे सरपणसुद्धा. घेणारा तो शिधा पंच्यात बांधून घाटावर जायचा, तीन दगड मांडायचा आणि आपलं आपण रांधून खायचा. कोराच का, तर एकाच्या हातचं शिजवलेलं दुसऱ्याला चालायचं नाही, साधू लोकांचेही आपापले नियम, पण पिठाला आणि डाळीला विटाळ मानत नसत, त्यामुळे कोरा शिधा कुणालाही देता यायचा. सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकला जे साधू यायचे त्यांना हेच सोयीचं पडायचं. अर्थात कोरं आणि शिजवलेलं ही भिंत काही पक्की नाही, गुजरातेत वीरपूरला संत जलारामबापांनी 1820 मध्ये सुरू केलेलं सदाव्रत म्हणजे शिजवलेलंच जेवण आहे, नाशकातली बरीच गुजराती मंडळी तिथे जाऊन जेवून आलेली असतील. आणि तिथे 2000 सालापासून देणगी घेणंही बंद आहे, तरी रोजची पंगत चालूच आहे.

अन्नछत्राचं मूळ 'अन्नसत्र'. सत्र म्हणजे आधी पुष्कळ दिवस चालणारा यज्ञ, मग संस्कृतातच त्याला जिथे सतत अन्न मिळतं ती जागा असाही अर्थ आला. आपलं सहामाही सत्र आणि सत्र न्यायालय यातला शब्द तोच. सत्राचं छत्र कसं झालं तर बहुतेक लोकांना डोक्यावरचं छत्र जास्त ओळखीचं वाटलं असावं. तामिळमध्ये त्याचंच चत्तिरम् झालं आणि तंजावरच्या मराठ्यांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांनी, रामेश्वरच्या वाटेवर अशी छत्रं चालवली, ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र त्यातलं प्रसिद्ध. म्हणजे राहायला जागा आणि जेवण दोन्ही.

म्हणजे दोन्ही शब्दांमध्ये जोर 'सतत' यावर आहे बघा. एक दिवस वाटून फोटो काढणं याला ना सदावर्त म्हणता येईल ना अन्नछत्र. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सगळ्यांना माहितीय, पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं भुकेल्या लोकांसाठी उघडली, फार मोठं काम, पण त्याला कुणी सदावर्त म्हणत नाही कारण ती संकटातली एकवेळची गोष्ट होती.

आणि सतत चालवायचं तर पैसा सतत पाहिजे. आपल्याकडे हे किती जुनं आहे ते बघायला लांब जायला नको, पांडवलेण्यांत 10 नंबरच्या लेण्यात जा. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे मध्ययुगाच्याही कितीतरी आधीचा. त्याने गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे म्हणजे व्यावसायिक संघाकडे 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली, दरमहा शेकडा 1 व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. वर्षाचं व्याज झालं 240 आणि लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12, हिशोब बरोब्बर जुळतो. याला त्या लेखात अक्षयनीवी म्हटलंय. आपण आज कॉर्पस फंड म्हणतो ते तेच, आणि ते दगडात कोरून ठेवलंय म्हणजे उद्या कोणी ना म्हणायला नको. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात त्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं, धर्मशाळेसारखी निवाऱ्याची घरं बांधल्याचं आणि नदीकाठी 'प्रपा' घातल्याचं लिहिलंय. प्रपा म्हणजे पाणी प्यायची जागा, प्राकृतात पवा, आणि आपल्या 'पाणपोई'तला पोई तिथूनच आलाय. उन्हाळ्यात सीबीएसला म्हणजे आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर लाल कापड गुंडाळलेले रांजण ठेवतात ना, तो शब्द एवढा जुना आहे, मला तर ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पुढे अहिल्याबाई होळकरांनी (त्यांचा कारभार 1767 ते 1795) देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं केली ती राज्याच्या तिजोरीतून नाही, खासगीतून. खासगी हे त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचं खातं, वेगळं ठेवलेलं. गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांकडून पैसा उभा करून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, नाशकातली धर्मशाळा तुम्ही पाहिली असेलच.

आता तो 'गरिबांसाठी'चा मुद्दा. हे जुने शब्द एकदा ओळीने म्हणून बघा, सदावर्त, अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा. एकातही गरीब नाही. शब्द सांगतो की इथे काय मिळतं आणि कायम मिळतं, घेणारा कोण आहे हे तो विचारतच नाही. पाणपोईवर पाणी प्यायला कोणाला लाज वाटते का? आणि आत्ताचे शब्द बघा, निराधार, निर्धन, दुर्बल घटक, गरजू, लाभार्थी, सगळे घेणाऱ्याच्या कपाळावर चिकटवायचे शब्द. सरकारी कागदाला पात्रता ठरवावी लागते म्हणून तिथे ते लागतात हे मला कळतं, धर्मादाय दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात, तिथे निर्धन कोण हे लिहावंच लागणार (आणि ताई, तुमच्याकडे जेवायला येणाऱ्या कितीतरी लोकांना ही सोय माहीतच नसते, ते जमलं तर तोंडी सांगत जा). पण फ्लेक्सवर कशाला?

अर्थात जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाहीये, मुळीच नाही. शब्दात गरीब नव्हता तसा दारात सगळ्यांना प्रवेशही नव्हता. पेशव्यांच्या काळात पुण्यात रमण्याला (पर्वतीजवळच्या आवारात) श्रावणात दक्षिणा वाटली जायची ती ब्राह्मणांनाच. पुष्कळ अन्नछत्रांत पंगती जातीप्रमाणे. माधुकरी मागणारे, वार लावून जेवणारे विद्यार्थी म्हणजे बहुतेक ब्राह्मणांचीच मुलं होती हेही सगळ्यांना माहितीय. आणि आपल्याच पंचवटीत काळाराम मंदिरात नुसतं आत जाऊन दर्शन घेता यावं म्हणून 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, तो काही वर्षं चालला. त्यामुळे शब्द जुना घ्या, पण दार सगळ्यांना उघडं ठेवा, ते तुम्ही ठेवलेलंच आहे.

सासूबाईंच्या शंकेबद्दल. त्यांचा कान बरोबर आहे, सदावर्त हा शब्द वापरात खाली आलाय. फुकट खाणारे फार झाले असं म्हणायचं असलं की तो निघतो. हे एकट्या त्याच शब्दाचं झालेलं नाही. खैरात हा अरबी शब्द, खैर म्हणजे भलं त्याचं अनेकवचन, पण पेपरात 'सवलतींची खैरात' आलं की वाचणारा नाक मुरडतो. भिक्षा आणि भीक एकाच मुळाचे, तरी भिक्षा मागणारा साधू आणि भीक मागणारा माणूस यांच्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो, 1959 च्या कायद्याने तर भीक मागणं गुन्हाच ठरवला. जकातचं सगळ्यात लांबवर गेलं. इस्लाममध्ये जकात म्हणजे साठलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग गोरगरिबांसाठी काढायचा, मालेगावात रमजानमध्ये आजही लोक हिशोब करून देतात, आणि मराठीत जकात म्हटलं की आपल्याला नाक्यावर अडवलेले ट्रक आठवतात.

चांगल्या अवस्थेत टिकलेला शब्द म्हणजे शिधा. रेशनकार्डाचं नाव शिधापत्रिका, 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत रवा, डाळ, साखर, तेल दिलं त्याचं नाव आनंदाचा शिधा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य हा हक्क झाला, अंत्योदयवाल्या कुटुंबाला 35 किलो. कोरं, नेहमीचं आणि शिजवायचं आपल्या चुलीवर, अर्थाने पाहिलं तर सदावर्ताच्या सगळ्यात जवळ तेच येतं. फक्त तिथे देणाऱ्याचं व्रत होतं आणि इथे घेणाऱ्याचा हक्क आहे, हे मला जास्त चांगलं वाटतं. तुमचं मंडळ पुढे कधी महिन्याचं किट द्यायला लागलं तर त्याला 'शिधावाटप' म्हणा, 'रेशन किट' म्हटलं तरी बिघडत नाही.

आणि शिवभोजन थाळीचं नाव ठेवणाऱ्याला मी मार्क देईन. 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली, 10 रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. नावात गरीब नाही, 10 रुपये मोजून माणूस गिऱ्हाईक म्हणून बसतो.

तर फ्लेक्सवर वर मोठं 'अन्नछत्र', खाली 'रोज दुपारी 12 ते 2, पोळी-भाजी, सगळ्यांसाठी'. वेळ तुमची काय असेल ती टाका पण टाकाच, कारण वॉर्डात पेशंटजवळ बसलेल्या माणसाला कधी खाली उतरायचं ते कळलं पाहिजे. 'मोफत' लिहायचं असेल तर लहान अक्षरात लिहा, पूर्ण गाळू नका, नाहीतर खेड्यातून आलेला माणूस पैसे पडतील म्हणून लांबूनच बघून निघून जातो. देणगीदारांची नावं शेवटी किंवा दुसऱ्या बोर्डावर. आणि रविवारी बंद असेल तर तेही लिहा, सुरगाणा-पेठकडून आलेली माणसं त्या भरवशावर डबा न आणता येतात.