एमबीबीएसनंतर कारखान्यात डॉक्टर व्हायचंय, कोणता कोर्स करू?

एएफआयएच करा, म्हणजे असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ. एमबीबीएसनंतरचा 3 महिन्यांचा कोर्स आहे. मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत होतो. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची तपासणी कामावर लावण्याआधी आणि नंतर निदान दर 12 महिन्यांनी करावी लागते, तेव्हा हे शिक्षण कामी येतं.

पण खरं शिकायचं ते शॉपफ्लोअरवर. खोकणाऱ्या माणसाचा एक्स-रे पाहून टीबी म्हणणं सोपं असतं. "काय काम करता, किती वर्षं?" असं विचारलं की तो सांगतो, "दगड फोडतो साहेब, क्रशरवर." मग सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, डोक्यात येतो. धुळीने पांढऱ्या झालेल्या पापण्या दवाखान्यात दिसत नाहीत, तो तोंड धुऊन आलेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मशीनपाशी जाऊन उभे राहा.