वाचकांचे प्रश्न : हँडल फिरवा, रोप वाढवा

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाचा यंदाचा देखावा दादासाहेब फाळके यांच्यावर आहे. जुन्या कॅमेऱ्यासारखी पेटी ठेवायची, लोकांनी तिचं हँडल फिरवलं की पडद्यावर चित्रपट सरकायचा, अशी कल्पना आहे. गल्ली अरुंद, गर्दी भरपूर, वर पाऊस. जमेल का?
— एक कार्यकर्ता, नाशिक

उत्तर : जमेल. चित्रपट कोणता, हे तर फाळक्यांनीच सुचवून ठेवलं आहे. पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली होती आणि तीच दाखवून भांडवल मिळवलं होतं. तुम्ही मूग घ्या. हँडल पुढे फिरवलं की कोंब वर येईल, उलटं फिरवलं की पुन्हा मातीत जाईल. कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल सेकंदाला साधारण दोनदा फिरवत. एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाला 16. हाच हिशोब धरा. 40 फेरे म्हणजे 320 फ्रेम, 20 सेकंदांचा खेळ. दर अर्ध्या तासाला एक फोटो काढला तर 160 तास लागतील, म्हणजे 6 दिवस 16 तास. मूग रात्रभर भिजवून काचेच्या ग्लासात अगदी काचेलगत पेरा, मुळंही दिसतील. ग्लास खोक्यात ठेवून खिडकीचा उजेड पूर्ण बंद करा आणि बरोबर वरून एकच एलईडी दिवा लावा. दिवा बाजूला असेल तर रोप तिकडेच झुकेल. कॅमेऱ्याचं एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने पक्के करा. ऑटोवर राहिलं तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकतं. नंतर ते दुरुस्त करणं फार किचकट. शूटिंग दोनदा करायला वेळ ठेवा, बुरशी येऊ शकते.

हँडलचे फेरे मोजायला रोटरी एन्कोडर लागतो, फेऱ्याला 600 पल्स (विजेचे ठोके) देणारा. हँडल थेट त्याला जोडू नका. त्याचा दांडा जेमतेम 6 मिलिमीटरचा असतो, पहिल्याच संध्याकाळी एखादं पोर हँडलला लोंबकळलं की तो वाकेल. 20 मिलिमीटरचा दांडा दोन यूसीपी 204 बेअरिंगमध्ये बसवा आणि त्यावरून टायमिंग बेल्टने एन्कोडर फिरवा, दोन्ही पुली सारख्या दातांच्या. दांड्यावर नमद्याचा तुकडा हलका दाबून ठेवा, नाहीतर लोक ते भिंगरीसारखं फिरवतात आणि रोप दोन सेकंदांत संपतं. हँडलचा मध्य जमिनीपासून 85 सेंटिमीटरवर असला की लहान मुलांना आणि व्हीलचेअरवरच्यांनाही पुरतो.

एन्कोडरच्या दोन सिग्नल वायरी आर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या 2 आणि 3 नंबरच्या पिनला जोडा. हे एन्कोडर बहुधा ओपन कलेक्टर प्रकारचे असतात, म्हणजे सिग्नल फक्त खाली ओढतात, वर नेत नाहीत. तो वर ओढणारा पुल-अप रेझिस्टर नसेल तर सिग्नल येतच नाही आणि लोक एन्कोडर बिघडला समजून परत करतात. दोन्ही वायरींना 5 व्होल्टपर्यंत 2.2 किलोओहमचा रेझिस्टर लावा. एका वायरीचे चढते पल्स मोजा, दुसरीवरून दिशा ओळखा. दर 75 पल्सला एक फ्रेम. आर्डुइनो यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा, केबल 5 मीटरपेक्षा लांब नको.

फोटोंचा व्हिडिओ करू नका. एच.264 या नेहमीच्या प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये पूर्ण चित्रं मोजकीच असतात, मधल्या फ्रेममध्ये फक्त फरक साठवलेला असतो. त्यामुळे उलटं फिरवलं की चित्र अडकतं. त्याऐवजी 960 बाय 720 आकाराचे 320 फोटो प्रोसेसिंग या मोफत सॉफ्टवेअरमधून सुरुवातीलाच मेमरीत भरा. उघडलेले फोटो साधारण 885 एमबी जागा घेतात. म्हणून प्रेफरन्सेसमध्ये मेमरीची मर्यादा 3000 एमबी करा, नाहीतर प्रोग्राम भरता भरताच बंद पडेल. 15 सेकंद कुणी हात लावला नाही तर रोप आपोआप हळूहळू परत बी होऊ दे. पडदा काळा कधीच ठेवू नका, बंद आहे समजून लोक पुढे निघून जातात.

पडदा 12 बाय 9 फूट पुरे. तो साधारण 10 चौरस मीटर भरतो, म्हणजे 5000 ल्युमेनच्या प्रोजेक्टरचा 500 लक्स उजेड पडेल. भाड्याने घेताना 4:3 चा जुना एक्सजीए (1024 बाय 768) प्रोजेक्टर चालतो, उलट वाइडस्क्रीनमध्ये कडेचा उजेड वाया जातो. रात्री आठ वाजता सगळ्या माळा लावून पडद्याच्या जागी लक्स मोजा. 30 असेल तर उत्तम. 100 असेल तर चित्र फिकट दिसेल, जवळच्या माळा काढाव्याच लागतील. समोरून टाकलेल्या चित्रावर डोक्यांच्या सावल्या पडणारच, त्यामुळे मागून टाका. 0.6 थ्रो रेशोच्या (अंतर भागिले चित्राची रुंदी) लेन्सला 12 फुटी चित्रासाठी सव्वासात फूट जागा लागते. प्रोजेक्टर उंच ठेवा, नाहीतर पातळ कापडातून लेन्सचा झगझगीत ठिपका डोळ्यांत येतो.

पावसाच्या भीतीने प्रोजेक्टरला प्लॅस्टिक गुंडाळण्याची चूक सर्रास होते. गरम हवा कोंडते आणि तासाभरात तो बंद पडतो. वर पत्रा टाका, हवा बाहेर पडण्याच्या बाजूला फूटभर जागा मोकळी सोडा. धूप-कापराच्या धुराने फिल्टर चोंदतो, एक दिवसाआड साफ करा. गुलाल उधळायच्या आधी प्रोजेक्टर काढूनच ठेवा.

ओल्या हातांनी शेकडो लोक हँडल धरणार आहेत. मूठ लाकडी हवी, स्टँडला अर्थिंग हवं आणि या लाइनला वेगळी 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हवीच. वायरमनने रोज सायंकाळी तिचं टेस्ट बटण दाबून पाहावं. यात काटकसर नको.

आता गर्दी. 20 सेकंदांच्या खेळावर माणूस बदलायला 10 सेकंद धरले तर तासाला 120 जण, चार तासांत 480. बाकीचे हजारो फक्त बघणार. म्हणून देखावा त्यांच्यासाठीच बांधा. हँडलवर लाल पट्टा मारा, वरून एक दिवा सोडा आणि पेटी पडद्याच्या कडेला चौथऱ्यावर ठेवा. कोण फिरवतंय आणि काय उगवतंय, हे शेवटच्या रांगेला एकाच नजरेत दिसलं पाहिजे. आवाजावर काही अवलंबून ठेवू नका, शेजारी ढोल वाजणार आहेत.

प्रश्न : कॉलेजच्या महोत्सवात प्रेक्षक बटण दाबून गोष्टीचं वळण ठरवतील असा चित्रपट करायचा आहे. पाच वळणं आहेत. किती प्रसंग शूट करावे लागतील?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रत्येक फाटा वेगळा चालू ठेवलात तर 2, 4, 8, 16 आणि 32, म्हणजे 62. दोन्ही फाटे पुढच्या वळणाआधी परत एकत्र आणलेत तर 10, शिवाय सामाईक भाग. 1967 मध्ये माँट्रियलच्या एक्स्पोत चेकोस्लोव्हाकियाने दाखवलेला किनोऑटोमॅट हा प्रेक्षकांच्या मतांवर चालणारा चित्रपट असाच होता. मत कुठलंही पडो, गोष्ट पुढच्या प्रश्नापाशी येऊन मिळे. मतदानाला 10 सेकंद द्या आणि आकडे पडद्यावर चालू दाखवा. तेवढ्यात दोन्ही क्लिप लोड करून ठेवा, म्हणजे निकाल लागताच खंड न पडता पुढचा प्रसंग सुरू होईल. समसमान मतं पडली तर कोणती क्लिप लागणार, हे प्रोग्राममध्ये आधीच लिहा. ते राहून गेलं तर ऐन खेळात सगळं तिथेच थांबतं.