पोकेमॉनचा जुना गेम फायररेड खेळल्यानंतर थेट पोकेमॉन स्कार्लेट घेतला तर जमेल का? आमच्या लातुरात लाईटही जाते.

जमतंय की भाऊ! मधले गेम खेळलेच पाहिजेत असं काही नाही, गोष्ट नव्या प्रदेशात नव्यानं सुरू होते. स्कार्लेट (२०२२) मधला पाल्डिया हा प्रदेश स्पेन-पोर्तुगालच्या धर्तीवरचा, आणि नकाशा सगळा मोकळा. फायररेडसारखं गवतात पाय टाकला की अचानक लढाई, हा ताप गेला. पोकेमॉन समोर हिंडताना दिसतात. जिम (जिथं तिथल्या म्होरक्याला लढाईत हरवायचं असतं) कुठल्याही क्रमानं करता येतात खरं, पण जिमवाल्यांची लेव्हल ठरलेली असते, तुमच्यानुसार बदलत नाही. सुरुवातीलाच उत्तरेच्या बर्फाळ डोंगरात घुसलात तर चोप बसणार. गेम मधूनमधून अडखळतो, ते मात्र सहन करावं लागतं.

लातुरात लाईट जाते म्हणालात, तर निन्टेन्डो स्विच (ज्यावर हा गेम चालतो ते यंत्र) चार्ज करून हातात धरून खेळा. गेमचं कार्ट्रिज घेतलं तर गोष्टीला नेटही लागत नाही.