आधी हर्डल

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. डायव्हिंगच्या राज्य स्पर्धेत तीन मीटरच्या बोर्डवरून १०५बी, म्हणजे पाइकमध्ये (पाय सरळ, कमरेत वाकून) पुढची अडीच गिरकी घालायची, असं तू ठरवून बसलीयस. बरोबरच्या मुली घालतायत म्हणून. फोनवर बोलले असते तर तू "हो ताई" म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहितेय.

आधी हिशेब कर. पंच पाच असोत की सात, शेवटी मधल्या तिघांचेच गुण धरतात आणि त्यांच्या बेरजेला काठिण्यांकाने गुणतात. तुझ्या १०३बीचा, त्याच पाइकमधल्या दीड गिरकीचा, काठिण्यांक १.६. तिला तिघांनी आठ-आठ दिले तर ३८.४. १०५बीचा २.४, पण आज तुझी ती उडी साडेचारच्या वर जात नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणजे ३२.४. भीती वाटून, अंगावर वळ घेऊन, वर सहा गुण कमी!

१०५बी तुला लागणारच. वरच्या स्पर्धांत तिच्याशिवाय कोणी विचारत नाही. पण ती हवेत शिकता येत नाही गं. पाय सुटेपर्यंत जेवढी फिरकी घेतलीस तेवढीच तुझी. पुढे अंग आवळून वेग वाढवशील एवढंच, आणि पाइकमध्ये टकइतकं, गुडघे छातीशी घेतल्यावर येतं तेवढं, आवळताही येत नाही. जेमतेम दीड सेकंदाचा खेळ आहे हा, आणि त्याचा निकाल बोर्डवरच लागतो.

परवा काठावर बसून मी फक्त तुझे पाय बघत होते. हर्डलवरून, म्हणजे पावलं टाकून झाल्यावरच्या त्या शेवटच्या उडीवरून, टोकाला उतरतेस तेव्हा बोर्ड वर यायला लागलेला असतो आणि तुझे गुडघे अजून वाकलेलेच. बोर्ड तुला फेकायला बघतो आणि तू त्याचा धक्का गुडघ्यांत जिरवून टाकतेस. मग उंची कमी पडते आणि ती भरून काढायला डोकं लवकर खाली घालतेस. दुसरं म्हणजे बोर्डचा ताण कमी-जास्त करणारं ते खालचं चाक. आधीच्या मुलीने जिथे सोडलं तिथेच ठेवून तू चढतेस. ती तुझ्याहून चांगली दहा किलोने जड आहे. चाक मागे घेतलं की बोर्ड मऊ होतो, सावकाश परततो. तुला वेळ मिळेल. पायाने फिरवून बघ, तुझा आकडा शोध आणि वहीत लिहून ठेव.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लुगानिसचं डोकं बोर्डवर आपटलं ते रिव्हर्स अडीचमध्ये, पुढे उडून बोर्डच्या दिशेने उलट्या गिरक्या घेताना. टाके घालून तो परत आला, सुवर्ण जिंकला. सगळे त्याच्या धैर्याबद्दल बोलतात. मला मात्र ते टेक-ऑफ आठवतं. बोर्डपासून हवं तेवढं अंतर सुटलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाचं असं होतं. मी सतराव्या वर्षी हट्टाने रिव्हर्स दीड घेतली आणि पाठीवर सपाट पडले. पाठ आठ दिवसांत बरी झाली. त्या उडीची धास्ती जायला दीड वर्ष गेलं, आणि नेमकी तीच वर्षं माझी होती.

कळव्याहून पहाटेची स्लो लोकल, दादर, मग ओल्या केसांनी परत कॉलेज. मला सगळं दिसतं. म्हणून रोज जाऊ नकोस. आठवड्यातून दोन दिवस घरीच थांब. गच्चीवर खडूने रेघ ओढ, तिच्यावर हर्डलची पावलं टाक. तीस वेळा, अनवाणी, आरशाशिवाय. भिंतीला टेकून हँडस्टँड घाल, मनगटं आणि खांदे त्यानेच टिकतील. आणि बारावीकडे दुर्लक्ष नको. रेल्वेत, सैन्यदलात खेळाडूंची भरती होते, तिथेही शिक्षण विचारतातच.

या स्पर्धेला १०३बीच ठेव. यादी देण्याआधी मला दाखव. रविवारी सकाळी तलावपाळीला ये, बाबांना घेऊन ये. गुडघ्यापासून खालचा, बाजूने काढलेला हर्डलचा व्हिडिओ आण. चेहरा नको त्यात, नुसते पाय.

तुझी,
ताई