ट्रॅक्टर आणि पिकअपला डिझेल फार लागतंय. डिझेलमध्ये टाकायच्या औषधानं फरक पडतो का? ड्रायव्हरवर संशय आहे, टाकीत सेन्सर बसवू का?

तुमच्या प्रश्नातला 'ड्रायव्हरवर संशय आहे' हा तुकडा वाचला आणि राहवलं नाही. ह्याच संशयापायी अकरा वर्षं राबलेला माणूस आमचं दार सोडून गेला. दादाचं आणि माझं त्यावरून आजही पटत नाही.

औषधाचं आधी सांगून टाकतो. नका टाकू. मी दोन हंगाम टाकलं, काडीचा फरक पडला नाही. रॉकेल मिसळा म्हणणाऱ्याला तर दारात उभं करू नका, पंप आणि नोझल घासून जातात.

आता आमचं. २०१८-१९ चा गळीत हंगाम, कागल तालुका. ५० एचपीचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, फडापासून कारखाना २२ किलोमीटर. जाऊन-येऊन खेपेला १४ लिटर, हा आमचा कैक वर्षांचा हिशोब. डिसेंबरात तो १९ वर गेला. डिझेल तेव्हा सत्तरच्या आसपास होतं, म्हणजे खेपेला साडेतीनशे रुपये जास्तीचे.

दादानं वही बघितली आणि म्हणाला, "मामा डिझेल काढतोय." मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. वयानं मोठे, सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. दादानं त्यांना फडात, तोडणीच्या टोळीसमोर विचारलं. मामांनी किल्ली बॉनेटवर ठेवली. एवढंच म्हणाले, "बॅटरी बदला म्हणून तीनदा सांगितलंय." आम्हाला वाटलं, विषय बदलतायत. मीही तिथंच उभा होतो आणि गप्प बसलो.

नवा पोरगा ठेवला. खेपेला १९ च. दादा म्हणाला, "हाही तसलाच निघाला." तेव्हा मात्र मला शंका आली. एका रात्री मीच गाडीवर बसून गेलो.

रात्री नऊला कारखान्याच्या यार्डात पोचलो. पुढं गाड्यांची ही रांग. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक ट्रॉलीभर पुढं सरकायचं. वजनकाट्यावर गेलो तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि तोवर इंजिन एकदाही बंद नाही. म्हणजे झालं एकदा, मी हट्टानं करायला लावलं तेव्हा. पोरानं परत किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता टक-टक करायला लागला आणि हेडलाइट निखाऱ्यासारखा लाल होऊन विझला. मागं वीस टन ऊस, धक्का कोण देणार? मागचे हॉर्न मारायला लागले. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडून चालू केला. पोरगा म्हणाला, "म्हणून बंद करत नाही हो मी."

उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल खातं. पीसीआरए ही इंधन बचतीचं काम करणारी सरकारी संस्थाही हेच सांगते. पाच-सहा तास उभं राहिलं की गेले पाच लिटर. १४ चे १९ झाले ते असे. दुसऱ्या दिवशी कागलला जाऊन मी माझ्या पैशानं बॅटरी आणली, ६,३०० रुपयांची. अठरा खेपांत पैसे फिटले आणि हिशोब परत १४ वर आला.

मामांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, पण परत आले नाहीत. दुसऱ्याच्या गाडीवर लागले होते. दादा अजून म्हणतो, "थोडंफार काढतच असणार." १९ तून ५ गेले, १४ राहिले, मग मामांनी काढलेलं डिझेल कुठलं? हे मी वहीत त्याच्यासमोर तीनदा मांडलंय. तो वही मिटतो आणि उठून जातो.

म्हणून सेन्सरच्या आधी मोजा. सपाट जागी ट्रॅक्टर लावून टाकी तोंडापर्यंत भरा, एक एकर रोटर मारा, परत त्याच जागी आणून मापाच्या कॅननं तोंडापर्यंत भरा. स्वतः समोर उभं राहून मोजलेल्या कामातही डिझेल जास्तच लागलं, तर दोष गाडीत आहे. मग एअर क्लीनरची खालची वाटी उघडा. उसाच्या फडात पाचटाची राख आणि धूळ एवढी असते की महिन्याभरात त्यातलं ऑइल काकवीसारखं होतं. इंजिनाला हवा कमी पडते, सायलेन्सर काळा धूर सोडतो आणि डिझेल अर्धवट जळून जातं. ब्रेकच्या पॅडलला मोकळी चाल आहे का बघा, एका बाजूचा ब्रेक चिकटून असला तरी ट्रॅक्टर ओढतच चालतो. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस. पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, ५४०-ई हा डिझेल वाचवणारा गिअर असेल तर फवारणीसारख्या कामाला तोच लावा, कमी रेसवर तेवढेच फेरे मिळतात.

पिकअपचं सोपं आहे. टायरची हवा बघा आणि हायवेला ऐंशी-नव्वदनं पळवू नका. पन्नासच्या आसपास सगळ्यात कमी पितं.

आमच्याकडे हद्दीवरचं कोगनोळी ओलांडून कर्नाटकात निपाणीला स्वस्त डिझेल भरायची जुनी सवय आहे. कर्नाटकानं विक्रीकर जून २०२४ मध्ये १८.४४ टक्के आणि एप्रिल २०२५ मध्ये २१.१७ टक्के केला, त्यामुळं पूर्वीइतका फरक आता उरलेला नाही. त्या बाजूला काम असेल तर भरा, मुद्दाम जाऊ नका.

डिझेल चोरणारे ड्रायव्हर असतात, हे मी नाकारत नाही. पाच-सहा गाड्या असतील आणि मालकाला सोबत जाता येत नसेल तर सेन्सर बसवावाच लागतो. आणि रांगेत इंजिन बंद करायचं म्हटलं तरी ते टर्बोचं असेल तर ओढून आल्यावर लगेच बंद करू नका, दोन मिनिटं रिकामं फिरू द्या, मग करा.

सेन्सरचे पैसे अजून दिले नसतील तर आज संध्याकाळी अंधार पडल्यावर एवढं करा. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवा लाल पडला तर बॅटरी गेलीय, मग ड्रायव्हरला विचारा, रांगेत इंजिन किती वेळ चालू ठेवतोस आणि बॅटरीचं मालकाला किती वेळा सांगितलंस.